समुद्राच्या तळाचे दप्तर



गावातली एखादी जुनी गोष्ट काढायची झाली, एखाद्या शेताची हद्द कुठे होती, कोणत्या साली दुष्काळ पडून सारा माफ झाला, तर आपण चावडीवर जातो आणि तलाठ्याकडचे दप्तर उघडतो. कागद पिवळा पडलेला असतो, कुठे कसर लागलेली असते. पण वाचणारा जाणता असेल तर त्यातून गावाचा शंभर वर्षांचा हिशेब निघतो.

आता समुद्राचा विचार करा. माणूस पृथ्वीवर आला त्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून समुद्र आहे. नऊ कोटी वर्षांपूर्वी त्याच्या तळाशी मासे, शंख-शिंपले सुखाने राहत होते, की पाण्यातला प्राणवायू संपून गुदमरत होते, हे आज कोणाला विचारायचे? पाहणारा कोणी नव्हता आणि लिहिणारा तर नव्हताच.

तरीसुद्धा दप्तर आहे, बरे का. ते आहे समुद्राच्या तळाच्या गाळात. नद्या माती आणून टाकतात, मेलेल्या जीवांची कवचे वरून झिरपत राहतात, वाऱ्याने उडालेली धूळही तिथेच जाते. खोल समुद्रात हा गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर एवढाच साठतो. थरावर थर बसतात, दाबाने त्यांचा खडक होतो आणि पुढे भूकवचाच्या हालचालींनी त्यातला काही भाग डोंगर होऊन वर येतो. या थरांत काही मूलद्रव्ये अगदी चिमटीभर असतात. ती चिमूटच जुन्या समुद्राची साक्ष देते. ती साक्ष वाचायला माणूस कसा शिकला, याचा इतिहास आज सांगायचा आहे.

21 डिसेंबर 1872 या दिवशी इंग्लंडमधील पोर्ट्समथ बंदरातून ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज निघाले. मूळचे ते लढाऊ गलबत. पण बहुतेक तोफा उतरवून तिथे प्रयोगशाळा आणि दोरांची भेंडोळी ठेवली होती. कामगिरी होती समुद्राचा तळ तपासण्याची. प्रमुख शास्त्रज्ञ होते वायव्हिल टॉमसन आणि त्यांच्या हाताखाली जॉन मरे. 24 मे 1876 रोजी जहाज परत आले तेव्हा त्याने जवळजवळ 69,000 सागरी मैल, म्हणजे सुमारे सव्वा लाख किलोमीटर प्रवास केला होता. ठिकठिकाणी दोर सोडायचा, तळाचा गाळ वर ओढायचा, बरणीत भरायचा आणि चिठ्ठी लावायची, असे साडेतीन वर्षे चालले.

या गाळात काळे, बटाट्याएवढे गोळेही सापडले. फोडून तपासले तर त्यांत मँगनीज आणि लोखंड भरलेले. मरे यांनी बेल्जियमच्या आल्फोन्स रेनार यांच्याबरोबर सर्व गाळांची तपासणी केली आणि 1891 साली खोल समुद्रातील गाळावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. समुद्रतळाच्या अभ्यासाचा पाया तिथे घातला गेला.

त्याच मोहिमेतून पाण्याच्या 77 बाटल्या विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाकडे आल्या. त्यांनी 1884 साली निष्कर्ष सांगितला. समुद्र कुठलाही असो, पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातील मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सारखेच. शोध मोठा, पण जुन्या समुद्राची हकिगत शोधणाऱ्याला यात एक अडचण आहे. जे सगळीकडे सारखे, ते साक्षीला फारसे उपयोगी नाही. साऱ्या गावाचा पोशाख एकच असेल तर कोण कुठून आला हे पोशाखावरून कसे कळणार? साक्ष मिळवायची तर जी द्रव्ये परिस्थितीप्रमाणे वागणूक बदलतात, त्यांच्याकडेच जायला हवे. अशी द्रव्ये पाण्यात फार थोडी असतात. शेतकरी मंडळी त्यांतल्या काहींना सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणून ओळखतात: लोह, मँगनीज, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम.

ही द्रव्ये वागणूक बदलतात म्हणजे काय, ते घरच्या अनुभवाने समजेल. काही भागांत बोअरचे पाणी बादलीत घेतले तर स्वच्छ दिसते. तीच बादली रात्रभर उघडी ठेवा. सकाळी तळाशी तांबूस साका बसलेला असतो. हे लोखंड आले कुठून? ते पाण्यात आधीपासूनच होते. जमिनीच्या पोटात प्राणवायू नसतो, म्हणून ते विरघळलेले होते, डोळ्यांना दिसत नव्हते. वर येऊन हवा लागली, लोखंडाचा गंज झाला आणि तो खाली बसला. जिथे असे पाणी मिळते तिथल्या शिक्षकांनी दोन बाटल्या घ्याव्यात. एक काठोकाठ भरून लगेच घट्ट बूच लावावे, दुसरी अर्धी भरून उघडी ठेवावी. मुलांना फरक दाखवायला दुसरे साहित्य लागणार नाही.

मँगनीजही पुष्कळसे असेच वागते. प्राणवायू असला की घट्ट होऊन बसते, नसला की विरघळते. ‘चॅलेंजर’ला सापडलेले काळे गोळे त्याचीच खूण होत. त्या खोल तळाशी प्राणवायू पोहोचत होता, म्हणून मँगनीज तिथे बसून राहिले.

पण सगळ्याच द्रव्यांचा स्वभाव असा नाही. काही अगदी उलट वागतात. ते कळण्यासाठी काळ्या समुद्राकडे जावे लागले. हा समुद्र महासागराला जोडला आहे तो बॉस्फरसच्या अरुंद सामुद्रधुनीमार्गे. वर नद्यांचे हलके पाणी, खाली जड खारे पाणी. दोन्ही नीट मिसळत नाहीत. त्यामुळे वरचा प्राणवायू खाली उतरत नाही. 1890 साली रशियाचे भूवैज्ञानिक निकोलाय आंद्रुसोव या समुद्राच्या मोहिमेवर होते. खोलवरून वर काढलेल्या पाण्याला आणि गाळाला सडक्या अंड्यांसारखा वास मारत होता. तो होता हायड्रोजन सल्फाइड या गंधकाच्या विषारी वायूचा. सुमारे दोन हजार मीटर खोल अशा या समुद्रात वरच्या शे-दीडशे मीटरांखाली मासा जगत नाही. तिथे काही प्रकारचे जंतूच राहतात. प्राणवायू मिळत नाही म्हणून ते पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हा वायू सोडतात. कोकणात खाडीच्या चिखलात पाय रुतला की खालचा काळा चिखल वर येतो आणि तसाच वास सुटतो. काळ्या समुद्राच्या खोल पाण्यात हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर चालतो.

अशा पाण्यात मॉलिब्डेनमचे काय होते? एरवी समुद्राच्या एक लाख लिटर पाण्यात मॉलिब्डेनम असते सुमारे एक ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या भाषेत आठेक गुंजा. पाण्यात प्राणवायू असेपर्यंत ते विरघळलेले राहते आणि लाखो वर्षे तिथेच फिरते. पण हायड्रोजन सल्फाइड भेटला की त्याचे रूप पालटते. ते सेंद्रिय द्रव्याला आणि लोहगंधकाच्या कणांना चिकटते आणि गाळात जाऊन बसते. साध्या खडकात टनामागे एक-दोन ग्रॅम मॉलिब्डेनम, तर अशा दुर्गंधी गाळात टनामागे काही दशके ग्रॅम, कधी शंभरावरही. म्हणजे लोखंड-मँगनीज प्राणवायू आल्याचे सांगतात, आणि मॉलिब्डेनम तो गेल्याचे.

हे समजायला वेळ लागला, कारण टनातले दोन ग्रॅम मोजणार कसे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिक्टर गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने नमुना प्रखर ज्योतीत जाळून, त्याच्या प्रकाशाच्या रेषांवरून अशी अत्यल्प द्रव्ये मोजण्याचे काम पुष्कळ पुढे नेले. त्यांनी एक हिशेबही मांडला. युगानुयुगे खडक झिजून इतका शिसे-आर्सेनिकसारखा ऐवज समुद्रात गेला, तर समुद्राचे पाणी केव्हाच विषारी व्हायला हवे होते. मग तसे का झाले नाही? उत्तर असे की समुद्र आपले पाणी स्वतःच निवळत असतो आणि तो ऐवज गाळात ढकलत असतो. पुढे 1956 साली अमेरिकेतील कॉनरॅड क्राउस्कॉफ यांनी तेरा दुर्मिळ धातू घेऊन प्रयोग केले आणि कोणता धातू कोणत्या वाटेने पाण्यातून बाहेर पडतो, ते तपासले. दप्तराची लिपी अशी एकेक अक्षराने लागू लागली.

आता दप्तराचे एक पान पाहू. इटलीत गुब्बिओ नावाचे जुने डोंगरी गाव आहे. त्याच्या आसपास पांढऱ्या चुनखडीचे कडे आहेत. हा सगळा एके काळचा समुद्रतळ. त्या पांढऱ्या थरांमध्ये एकच ठळक काळा पट्टा जातो, जाडी सुमारे एक मीटर. ग्विदो बोनारेल्ली यांनी 1891 मध्ये त्याचे वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव त्या थराला मिळाले. वर पांढरे, खाली पांढरे, मध्ये काळे. असे का? बरीच वर्षे ही त्या भागापुरती गोष्ट समजली गेली.

1968 साली ‘ग्लोमार चॅलेंजर’ हे दुसरे जहाज समुद्रावर निघाले. नाव मुद्दाम जुन्या जहाजावरून ठेवले होते. याच्यावर दोरांऐवजी तळ भोकण्याचे यंत्र होते. खोल समुद्राचा तळ भोकून त्याने खडकाच्या लांबच लांब कांड्या वर काढल्या. अटलांटिकमध्ये काळे थर निघाले, पॅसिफिकमध्येही निघाले आणि वय पाहिले तर पुष्कळांचे जमत होते. 1976 साली सेमूर श्लांगर आणि ह्यू जेन्किन्स यांनी सांगितले की ही एखाद्या गावची गोष्ट नव्हे. काही काळात जगाच्या समुद्रांच्या फार मोठ्या भागात प्राणवायू संपला होता, आणि हे थर त्याचीच खूण आहेत. बोनारेल्लीचा पट्टा हा त्यांतल्या एका प्रसंगाचा, सुमारे 9 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा. त्या थरात मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, जस्त अशी द्रव्ये वाढलेली आढळतात.

प्राणवायू संपला कशाने? 2008 साली आणखी एक साक्षीदार पुढे आला, ऑस्मियम नावाचा धातू. खंडांवरच्या खडकांतून आलेले ऑस्मियम आणि पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखीने आणलेले ऑस्मियम यांची घडण थोडी वेगळी असते, त्यामुळे उगम ओळखता येतो. इटलीतील आणि दक्षिण अमेरिकेजवळच्या समुद्रातील थरांत असे दिसले की काळा थर सुरू होण्याच्या जरासे आधी ज्वालामुखीचे ऑस्मियम एकदम वाढले होते. यावरून जुळणारी हकिगत अशी: प्रचंड ज्वालामुखी पेटले, कर्बवायू वाढून हवा तापली, समुद्रात खताचे द्रव्य जास्त आले, शेवाळे माजले, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडला. खत धुपून गेलेल्या तळ्यात शेवाळ साचते आणि मग मासे मरून वर येतात, हे आपण पाहतोच. हाच प्रकार समुद्रभर झाला आणि काही लाख वर्षे टिकला.

इथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. साक्षीदार एकच असला तर कोर्टही विचारात पडते. मॉलिब्डेनम जास्त म्हणजे प्राणवायू कमी, हे खरे. पण कमी मॉलिब्डेनमचा अर्थ मात्र दोन प्रकारे लागतो. एक, पाण्यात प्राणवायू होता म्हणून ते गाळात उतरलेच नाही. दुसरा, समुद्राचा इतका मोठा भाग दुर्गंधी झाला होता की सगळ्यांनी ओढून ओढून पाण्यातला मॉलिब्डेनमचा साठाच आटला. पाटाच्या पाण्यावर वरच्या सगळ्या शेतांनी मोटार लावली तर शेवटच्या शेताला पाणी पोहोचत नाही. म्हणून त्या शेताला तहान नव्हती असे कोणी म्हणेल का? 9 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीच्या काही थरांत असेच झाल्याचे दिसते. म्हणून जाणता वाचक लोखंड, व्हॅनेडियम, युरेनियम अशा सगळ्यांची साक्ष घेतो आणि मगच निकाल देतो.

निकालावर वादही होतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात 2004 मध्ये भोक घेऊन सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या खडकाची कांडी काढली. त्या काळी हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता, असे मानले जाते. पण तीत एके जागी मॉलिब्डेनम टनामागे 40 ग्रॅमपर्यंत चढलेले. 2007 साली एरियल अनबार आणि सहकाऱ्यांनी अर्थ लावला की तेव्हा प्राणवायूची एक झुळूक येऊन गेली असावी. कारण जमिनीवरच्या खडकांतले मॉलिब्डेनम सुटून नदीत यायला हवेत थोडा तरी प्राणवायू लागतो. 2022 मध्ये दुसऱ्या एका गटाने तोच खडक तपासून हरकत घेतली: हे मॉलिब्डेनम ज्वालामुखीच्या राखेतून आणि नंतर खडकात मुरलेल्या पाण्यातून आलेले असू शकते. लगेच पहिल्या बाजूने उत्तर दिले. मुलांना हे अवश्य सांगावे. शास्त्रात कांडी जपून ठेवतात आणि कोणीही ती पुन्हा तपासू शकतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा मॉलिब्डेनमची इतकी चौकशी कशाला? शेतकऱ्याला याचे उत्तर लवकर पटेल. हरभरा, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जंतू हवेतला नत्र धरून पिकाला देतात. ज्या विकराने ते हे काम करतात, त्याच्या नेहमीच्या प्रकारात मॉलिब्डेनम असते. म्हणून जमिनीत ते फार कमी असले तर कडधान्याचे पीक पिवळे पडते. समुद्रातही नत्र धरणारे सूक्ष्म जीव आहेत, आणि तिथल्या साऱ्या जीवसृष्टीचे पोट बऱ्याच अंशी त्यांच्यावर आहे. 2002 साली अनबार आणि अँड्र्यू नॉल यांनी एक विचार मांडला. फार जुन्या समुद्रांत दुर्गंधी पाण्यामुळे मॉलिब्डेनम आटले असेल, तर नत्राचीही टंचाई झाली असेल आणि जीवांची वाढ त्यामुळे खोळंबली असेल. विचार अजून तपासला जात आहे. पण चिमटीभर द्रव्यावर केवढा पसारा उभा असतो, ते यावरून दिसते.

ही जुनी हकिगत आपल्या दाराशीही येऊन पोहोचते. आपल्या पश्चिमेचा अरबी समुद्र हा जगातल्या ज्या थोड्या समुद्रांत मधल्या खोलीवर प्राणवायू अतिशय कमी आहे, त्यांपैकी एक आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतचा हा पट्टा. पावसाळ्याच्या अखेरीस हे प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर चढते. 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. तिथले डॉ. नक्वी आणि त्यांचे सहकारी यांनी 2000 साली प्रसिद्ध केले की पश्चिम किनाऱ्यालगत ही स्थिती तीव्र होत चालली आहे. 1999 च्या पावसाळ्यानंतर तर तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळला होता.

साऱ्या जगाच्या समुद्रांची मोजदाद पाहिली तर 1960 पासून पन्नास वर्षांत त्यांतला प्राणवायू दोन टक्क्यांहून अधिक घटला, असे 2017 च्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि वरचे ऊन पाणी खालच्या गारव्यात नीट मिसळत नाही. शेतातून वाहून जाणारे खत आणि शहरांचे सांडपाणी किनाऱ्यालगत त्यात भर घालतात. पन्नास-साठ वर्षांच्या मोजणीवरून हे कुठवर जाईल ते सांगणे कठीण आहे. ती मुदत समुद्राच्या हिशेबात फार थोडी. म्हणून शास्त्रज्ञ गुब्बिओच्या काळ्या पट्ट्याकडे पुन्हा पुन्हा जातात. पृथ्वी तापली तेव्हा समुद्राने काय केले, किती वेगाने केले आणि पूर्वपदावर यायला किती काळ घेतला, याचा नोंदलेला दाखला तिथे आहे. त्या वेळी सावरायला लाखो वर्षे लागली.

आज गोव्याच्या, रत्नागिरीच्या, पालघरच्या समोर तळाशी जो गाळ बसतो आहे, त्यातही लोखंड, मँगनीज, मॉलिब्डेनम आपापल्या जागी जात आहेत. आपल्या काळाचे पान भरत आहे. खत हिशेबाने टाकणे, नदीत घाण न सोडणे, कोळसा आणि तेल जपून जाळणे, ही कामे खेड्यापासून शहरापर्यंत सर्वांची आहेत. त्या पानावर कोणता रंग उतरेल, ते बरेचसे या कामांवर ठरणार आहे.